आधी तुमचा स्वेटर, मग सासूबाईंची गोधडी

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी गुहागर तालुक्यातल्या एका गावात राहते, वय 52. सासूबाई 78 वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. मधुमेहही आहे. मिस्टर मुंबईला नोकरीला, मुलगा पुण्यात. घर चिऱ्याचं, कौलारू. यंदा पावसाळ्याआधी कौलांखाली पीव्हीसीचं सिलिंग मारून घेतलं. मी पहाटे पाचला उठून चुलाण पेटवते, डोक्यावरून आंघोळ करते आणि सहाच्या आत त्यांचं अंग पुसून घेते. रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं, म्हणून त्यांच्या खाटेशेजारीच जमिनीवर अंथरूण घालते.

गेल्या आठवड्यात थंडी वाढली, तेव्हा शेगडीत करवंट्यांचे निखारे घालून ती रात्रभर खोलीत ठेवली आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या. सकाळी माझं डोकं भयंकर दुखत होतं, मळमळत होतं. त्याही नेहमीपेक्षा सुस्त होत्या. थंडी बाधली असेल असं वाटलं. मला तीन आठवडे खोकला आहे आणि हातांना भेगा पडल्यात. शेजारणी म्हणतात, तुझं काय, तू धडधाकट आहेस. मिस्टर म्हणतात, हीटर घे. घ्यावा का? त्यांना ऊब कशी द्यायची, आणि मी कशी टिकायची?

— एक सून

उत्तर

ताई, हीटरचं पुढे बोलू. आधी ती शेगडी खोलीबाहेर काढा आणि पुन्हा आत आणू नका. त्या सकाळी तुम्हा दोघींना जे झालं, ते थंडी बाधल्यामुळे झालं असं आम्हाला वाटत नाही. लाल निखारे दिसायला स्वच्छ असतात, धूर नाही की वास नाही. पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सुटत असतो. तो श्वासावाटे रक्तात गेला की प्राणवायूची जागा अडवून बसतो. मग डोकं दुखतं, मळमळतं, सुस्ती येते आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. सासूबाईंना आपलं डोकं दुखतंय हे कदाचित नीट सांगताही येणार नाही. पूर्वी शेगडी माजघरात असायचीच, तेव्हा कुणाला काही झालं नाही, असं कुणी म्हणेल. त्या घरांत कौलांच्या फटींतून आणि वळचणीतून हवा सारखी खेळती असायची. तुम्ही यंदा सिलिंग मारलंत तेव्हा त्या फटी बंद झाल्या. म्हणून त्याच शेगडीचा धोका आता कितीतरी वाढलाय.

पुन्हा कधी असं झालं तर दारं-खिडक्या सताड उघडा, स्वतः बाहेर मोकळ्या हवेत या, त्यांनाही बाहेर काढायला हाक मारून माणसं बोलवा आणि 108 ला फोन करा. दवाखान्यात गेल्यावर "खोलीत निखारे होते" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर अशा वेळी आकडा 98-99 असा ठीकठाक दिसू शकतो, कारण त्या यंत्राला प्राणवायू आणि हा वायू यांतला फरक कळत नाही. त्या आकड्यावर विसंबून घरी परतू नका. गेल्या आठवड्यानंतरही डोकेदुखी किंवा विसरभोळेपणा राहिला असेल, किंवा सासूबाई अजून सुस्त असतील, तर आजच दाखवून घ्या.

आता थंडीकडे वळू. आपल्याकडची थंडी दिवसभर नसते. दापोलीसारख्या सड्यावरच्या, म्हणजे उंच पठारावरच्या, गावात पहाटे पारा कधी कधी 10-12 अंशांवर उतरतो. किनाऱ्यालगत तो सहसा 16 ते 19 च्या आसपास असतो. दुपारी मात्र दोन्हीकडे ऊन तापतं आणि 30-32 अंश होतात. म्हणजे खरी गारठ्याची वेळ रात्री दोन-अडीचपासून सकाळी आठपर्यंतची. तुमची सगळी ओली कामं नेमकी त्याच वेळात येतात: चुलाण, डोक्यावरून आंघोळ, अंग पुसणं, ओल्या चादरी बदलणं, धुणं. तुमच्या भेगा आणि थकवा यांतला बराच भाग या वेळापत्रकातून येत असावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. खर्च न करता पहिला बदल तिथेच करता येईल.

दोघींचीही आंघोळ अकरानंतर करा. सकाळी फक्त तोंड-हात-पाय, आणि सासूबाईंचा लंगोट किंवा डायपर बदलून तेवढाच भाग कोमट पाण्याने पुसा. पाचला डोक्यावरून घेतलेली आंघोळ आणि त्यानंतर तासभर ओले केस ही तुमच्यासाठी सध्या सगळ्यात वाईट सवय आहे. आंघोळीशिवाय देवाला कसं शिवायचं, हा प्रश्न मनात येईल. सकाळी हातपाय धुऊन दिवा लावा आणि पूजा आंघोळीनंतर बाराला करा. घरात आजारी माणूस असताना देव एवढं चालवून घेतो, असं आम्ही अगदी मनापासून म्हणतो. केस आठवड्यातून दोनदा, उन्हात वाळवता येतील अशाच वेळी धुवा.

धुणंही दुपारवर टाका. पहाटे धुण्याचं पाणी काढावंच लागलं तर विहिरीचं ताजं काढा. छपरावरच्या टाकीतलं पाणी रात्रभरात गार पडलेलं असतं, विहिरीचं त्या मानाने कोमट लागतं.

सासूबाईंचं अंग पुसताना दोघी गारठू नयेत यासाठी काही गोष्टी कसोशीने पाळा. खोलीचा पंखा बंद, वाऱ्याकडची खिडकी बंद. पाणी, साबण, दोन पंचे, सुके कपडे, तेल हे सगळं हाताशी घेतल्याशिवाय त्यांच्या अंगावरचं पांघरूण काढायचं नाही. पाणी कोपर बुडवून पाहा. कोपराला सुखकर ऊन लागलं पाहिजे, चटका बसता कामा नये. तुमची बोटं रोज गरम भांडी धरून घट्ट झालेली असतात, त्यांच्यावर अंदाज ठेवू नका. आधी तोंड, मग एक हात, तो पुसून कोरडा करून झाका, मग दुसरा. छाती, पोट, पाठ, पाय, आणि शेवटी खालचा भाग, तोही नेहमी पुढून मागे. स्तनांखाली, जांघेत, काखेत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पंचा टिपून घ्या, घासू नका. पाणी गार वाटलं की लगेच बदला. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. साबण रोज सगळीकडे लावायची गरज नाही, थंडीत त्याने कातडी अजून कोरडी पडते.

कपडे घालताना लुळा हात आधी बाहीत घाला, काढताना तो शेवटी काढा. उलटं केलं की तो हात ओढला जातो, खांदा दुखावतो आणि तुमचीही पाच मिनिटं जातात. तेवढा वेळ त्या उघड्या राहतात. स्वेटर पुढून बटणांचा आणि एक माप मोठा घ्या. डोक्यातून घालायचा स्वेटर अंथरुणावरच्या माणसाला नको.

आता रात्रीचं बोलू. आमची सगळ्यात मोठी काळजी तुमच्या जमिनीवरच्या अंथरुणाची आहे. जमीन सारवलेली असो, कोब्याची असो वा लादीची, पहाटे ती अंगातली ऊब ओढून घेते. अंगाखालची गोधडी वजनाने दबली की तिच्यातली हवा निघून जाते आणि तिची ऊब निम्मीही राहत नाही. म्हणून वर तीन पांघरुणं आणि खाली एक चटई, असं झोपलात तर थंडी वाजणारच. बाज किंवा फोल्डिंगची खाट मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर जमिनीवर आधी प्लास्टिकचा कागद, त्यावर चटई, त्यावर पुठ्ठ्याची मोठी खोकी उलगडून, त्यावर दोन गोधड्या अशी रचना करा. पुठ्ठ्यात हवा कोंडलेली असते, तो ऊब धरतो. सकाळी सगळं उचलून उभं करा, नाहीतर प्लास्टिकखाली ओल धरते.

रात्री आपल्याकडे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. म्हणजे पहाटेची गार झुळूक पूर्वेकडून, डोंगराच्या बाजूने येते. पूर्वेची खिडकी सूर्यास्ताला लावा, खालच्या फटीत जुन्या लुगड्याची गुंडाळी बसवा आणि ऊन चढल्यावर नऊ-साडेनऊला उघडा. पश्चिमेचा झरोका किंवा खिडकीची चार बोटं फट रात्रभर उघडीच ठेवा, खोली पूर्ण कोंडू नका. खाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत ओढा. चिऱ्याची भिंत पहाटे गार असते आणि सासूबाईंची लुळी बाजू तिला टेकली तर त्यांना कळणारही नाही.

खोली किती गार झालीय हे पाहायला घरातच एक खूण आहे: खोबरेलाची बाटली. साधारण 24 अंशांखाली खोबरेल थिजायला लागतं. सकाळी ते नुसतं ढगाळ असेल तर फारशी काळजी नाही, अगदी पांढरं घट्ट असेल तर रात्री पांघरूण वाढवायचं. नेमका आकडा हवा असेल तर भिंतीवर लावायचा साधा तापमापक आणा. खोलीत 18 अंश ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली किमान पातळी आहे. वयस्कर आणि आजारी माणसासाठी त्याहून थोडं जास्तच बरं.

उशाशी एक टोपली भरून ठेवा. तिच्यात तुमचा स्वेटर, लोकरीचे मोजे, कानटोपी, बॅटरी, एक लंगोट किंवा डायपर, एक आडवी चादर, रबरी हातमोजे आणि थर्मासमध्ये कोमट पाणी असावं. त्यांनी हाक मारली की आधी अर्धा मिनिट अंथरुणात उठून बसा, स्वेटर आणि मोजे घाला, मग पाय चपलेत, आणि मग त्यांच्याकडे जा. तुम्ही आज नक्की उलटं करत असाल, गाऊनवरच धावत असाल. अर्ध्या मिनिटाने त्यांचं काही बिघडत नाही. अंथरुणातल्या उबेतून एकदम गार जमिनीवर रोज चार वेळा उभं राहिल्याने तुमचं मात्र बिघडतं. न्हाणीघरात वापरायचा गाऊन वेगळा ठेवा आणि काठ भिजला की तिथेच बदला. ओला काठ पोटऱ्यांना चिकटून राहिला की तो वाळेपर्यंत अंगातली ऊब खर्च करत राहतो.

आडवी चादर म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण तिने रात्रीचं निम्मं काम वाचतं. गादीवर नेहमीची चादर, त्यावर कंबरेपासून गुडघ्यापर्यंत रबरी शीट, आणि त्यावर जुन्या सुती नऊवारीची चौपदरी घडी आडवी. दोन्ही टोकं गादीखाली खोचायची. ओलं झालं की फक्त ती घडी निघते, गादी आणि वरची गोधडी कोरडी राहते. रबरी शीट थेट अंगाखाली ठेवू नका, ती गारही लागते आणि घामही धरते. आणि सुरकुती राहू देऊ नका. लुळ्या बाजूला एका सुरकुतीने रात्रीत कातडी लाल होते.

वर पांघरायला एक जाड, जड वाकळ घेण्यापेक्षा सुती चादर, पातळ शाल आणि एक हलकी गोधडी असे थर बरे. जड वाकळीने पावलं खाली दाबली जातात आणि हळूहळू पाऊल लोंबायला लागतं. पायथ्याशी उशी उभी करून पांघरूण तिच्यावरून घ्या, म्हणजे पावलांवर भार येत नाही. त्यांना ऊब पुरते का हे हातापायांना हात लावून ठरवू नका, ते म्हातारपणी गारच लागतात. मानेमागे किंवा पोटावर हात ठेवा. पोटही गार लागलं, त्या नेहमीपेक्षा जास्त गुंगीत असल्या, बोलणं अजून अडखळलं, तर थर्मामीटर लावा. 35 अंश सेल्सिअसखाली, म्हणजे 95 फॅरनहाइटखाली, आकडा गेला तर तातडीने डॉक्टर. अचानक तोंड वाकडं झालं, चांगला हातही ढिला पडला किंवा बोलणं एकाएकी बदललं, तर ताप-थंडी पाहत बसू नका, लगेच 108. तो नवा झटका असू शकतो आणि तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

गरम पाण्याच्या पिशवीबद्दल अगदी कडक नियम पाळा. पिशवी दोन तृतीयांश भरा, उकळतं पाणी घालू नका, हवा दाबून काढा, झाकण घट्ट लावून उलटी धरून पाहा, जाड पंच्यात गुंडाळा. ती सासूबाई झोपण्याआधी वीस मिनिटं त्यांच्या अंथरुणात ठेवा आणि त्या आडव्या झाल्या की काढून घ्या. लुळी बाजू आणि मधुमेहाची पावलं, दोन्हीकडे चटका कळत नाही. सकाळी फोड दिसतो आणि तो महिनोन्महिने भरत नाही. काढलेली पिशवी खुशाल तुमच्या पायाशी घ्या. तुम्हाला चटका कळतो.

गोधड्या रोज अकरा ते तीन उन्हात टाका आणि चारच्या आत घरात घ्या. त्यानंतर ऊन उतरतं, हवेतली ओल गोधडीत शिरते आणि दिवसभराचं ऊन वाया जातं. पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेली, कुबट वास येणारी गोधडी तशीच पांघरू नका. बुरशीने खोकला वाढतो. ती आधी धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाका.

आता हीटर. घ्यायचाच तर तेल भरलेला रेडिएटर घ्या, त्यात उघडी लाल तार नसते आणि काही जळत नाही. तो 2000 वॉटच्या आसपास असतो, म्हणजे तासाला साधारण दोन युनिट. त्याला 16 अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवं. जुन्या वायरिंगच्या घरात एक्स्टेन्शन बोर्डावर लावला तर बोर्ड वितळतो. गोधडीपासून तीन फूट लांब ठेवा आणि त्यावर कपडे वाळत टाकू नका. पण तुमच्या जागी आम्ही आधी हीटर घेणार नाही. किनाऱ्यावरच्या गावात वरचं सगळं केल्यावर त्याची गरज वर्षातून मोजक्या रात्री पडते. मिस्टरांना सांगा, तेच पैसे हवेच्या गादीवर आणि रात्रीच्या डायपरवर घाला. त्याने तुम्हाला झोप मिळेल.

रात्री तीन-चार वेळा उठणारं शरीर थंडीला लवकर शरण जातं. तुम्हाला सलग चार-पाच तास मिळतील अशी रात्र बसवायची आहे. रात्री साडेदहाला डायपर बदलून, जांघेत झिंक ऑक्साइडचं मलम लावून त्यांना कुशीवर वळवा. साध्या गादीवर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. पंपाच्या हवेच्या गादीवर, कातडीवर कुठेही लाली राहत नसेल, तर हे अंतर वाढवता येतं. किती, ते तुमच्या डॉक्टरांना किंवा नर्सला कातडी दाखवून ठरवा. गादी आणली म्हणून वळवणं बंद करायचं नाही. ही गादी थोडी गार लागते, म्हणून तिच्यावर एक सुती चादर आणि पांघरुणात एक थर जास्त घाला. खाली जाड गोधडी घातली तर गादीचा उपयोगच जातो. वीज गेली की पंप बंद पडतो, तेव्हा पुन्हा दोन तासांचा नियम.

वळवताना त्यांचा लांबचा गुडघा दुमडा, एक हात खांद्यामागे, दुसरा ढुंगणामागे ठेवा आणि त्यांना आपल्याकडे घ्या. लुळा हात धरून कधीही ओढू नका. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. पहाटे स्नायू आखडलेले असतात, म्हणून दिवसातलं पहिलं वळवणं करण्याआधी दोन मिनिटं घरातच चाला. तुमची कंबर अजून काही वर्षं लागणार आहे.

खाण्याचं थोडक्यात. आठ-साडेआठला गरम भाकरी किंवा मऊ भात-तूप आणि कुळथाची पिठी आधी तुम्ही खा, मग त्यांना भरवायला बसा. पिठीला दोन वाट्या पाणी, तीन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवून, चार-पाच पाकळ्या लसूण, दोन आमसुलं, आणि सतत ढवळत सात-आठ मिनिटं उकळी. सासूबाईंना ती दाटसरच द्या. झटक्यानंतर पातळ पेय श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. पाठीला उशा देऊन ताठ बसवा, लहान चमचा, गिळल्यावर दुसरा घास, आणि नंतर अर्धा तास बसलेल्याच राहू द्या. पाणी पाजताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, तो साधा ठसका समजू नका. सारखा डायपर बदलायला लागू नये म्हणून थंडीत पाणी कमी देण्याची चूक बहुतेक घरांत होते. मग लघवीला जळजळ, ताप आणि बद्धकोष्ठता होते. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं नसेल, तर दिवसभरात दीड लिटर पोटात जायला हवं. संध्याकाळी सातनंतर कमी करा. तुम्हीही दिवसभर चहावर राहू नका. थंडीत रक्तदाब चढतो, म्हणून सुकी मासळी, खारं आणि लोणचं दोघींनीही आवरतं घ्या, आणि आठवड्यातून एकदा दोघींचाही रक्तदाब मोजा.

हातांच्या भेगांवर उपाय घरातच आहे. कोकमतेलाचा गोळा लहान वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवा, विरघळलं की कोमट असताना रात्री भेगांत भरा आणि वर जुने सुती मोजे घाला, हातांनाही. दिवसा प्रत्येक धुण्यानंतर हात टिपून, ओलसर असतानाच खोबरेल चोळा. कोरड्या हाताला तेल लावून तेवढा उपयोग होत नाही. डायपर आणि धुण्याला हातमोजे वापराच. भेगेतून जंतू तुमच्या हातात शिरतात आणि तिथून त्यांच्या कातडीवर जातात.

खोकल्याकडे मात्र लक्ष द्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, असा क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे. तुमचे तीन झाले. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. बहुधा तो चुलाणाच्या धुराचा किंवा कुबट गोधडीचा खोकला निघेल. पण शेजारी 78 वर्षांचं मधुमेही माणूस झोपतंय, म्हणून तपासल्याशिवाय सोडू नका. निकाल येईपर्यंत त्यांच्याजवळ काम करताना मास्क लावा. त्याच फेरीत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. दुपारच्या उन्हातही तुम्हाला थंडी वाजत असेल, तर कारण हवेत नसून रक्तात असू शकतं, आणि तुमच्या वयात ते फार वेळा सापडतं. फ्लूची लस दोघींनी घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. सासूबाईंसाठी न्यूमोनियाच्या लसीचंही विचारा. आपल्याकडे फ्लूचा एक जोर जानेवारी ते मार्चमध्ये असतो.

तुम्ही दवाखान्यात जाल तेव्हा घरी कोण बसणार, हा खरा अडसर आहे, हे आम्हाला कळतं. "तू धडधाकट आहेस" म्हणणाऱ्या शेजारणीला नेमकं काम सांगा: "बुधवारी दहा ते बारा तुम्ही आईंपाशी बसा, वळवायचं काही नाही, फक्त हाक मारली तर पाणी द्या." मोघम "जरा मदत लागते" म्हटलं की माणसं मान डोलावतात आणि विसरतात. गावातल्या आशाताईंना घरी येऊन सासूबाईंना पाहायला सांगा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे. आणि रात्री रडू येतं, सगळ्यांवर चिडचिड होते, असं होत असेल तर 14416 या टेलिमानसच्या नंबरवर केव्हाही मराठीत बोलता येतं.

मिस्टरांना फोनवर सगळं सांगत बसू नका, त्यात भांडण होतं. सरळ मेसेज लिहा: "मला तीन आठवडे खोकला आहे, तपासणी करायची आहे. जानेवारीत चार दिवस रजा काढून या. दोन रात्री आईंचं तुम्ही बघायचं." गणपती-शिमग्याला रजा मिळते, तशी हीही मिळेल. मुलालाही सांगा, त्याने दर महिन्याचे डायपर, मलम आणि हातमोजे पुण्याहून पाठवायचे. मिस्टर आल्यावर पहिल्या दिवशी तुमच्यासमोर त्यांना आईंना दोनदा वळवू द्या, एकदा आडवी चादर बदलू द्या, पाण्याला कोपर लावायला शिकवा. पहिल्या रात्री तुम्ही शेजारच्या खोलीत खाटेवर झोपा आणि नावाने हाक मारली तरच उठा. दुसऱ्या रात्री मधलं दार लावून घ्या.